लडलो: बाजाराने आखलेलं गाव कसं पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेकीकडे बर्मिंगहॅमला आठवडाभर येताय, लंडन-ऑक्सफर्ड मागच्या खेपेला झालं, आता एखादं जुनं ‘मार्केट टाउन’ पाहायचंय. ते म्हणजे नेमकं काय, आणि एका दिवसात नीट बघून होईल असं कोणतं? मी या भागात बावीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर एवढंच लक्षात ठेवा: श्रॉपशरमधलं लडलो, आणि जायचं ते बाजाराच्या दिवशी.

‘मार्केट टाउन’ हे शब्द हल्ली घरं विकणारे एजंट वाटेल त्या गावाला चिकटवतात. मुळात हा मामला कायद्याचा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार भरवायचा तर राजाची सनद लागे. ती मिळवणारा बहुधा तिथला सरदार, बिशप नाहीतर एखादा मठ असे, कारण बाजार म्हणजे हुकमी उत्पन्न: येणाऱ्या मालावर जकात, मांडलेल्या फळीचं भाडं, खोट्या मापाचा दंड. भांडण झालं तर बाजारातच निवाडा करणारं कोर्ट बसे. त्याचं नाव ‘पायपावडर’, फ्रेंचमधल्या ‘धुळीचे पाय’ या शब्दांवरून आलेलं. फिरता व्यापारी पायांवरची धूळ झटकायच्या आत निकाल घेऊन पुढच्या बाजाराला लागला पाहिजे, असा त्याचा खाक्या.

बाजार एकमेकांपासून किती लांब असावेत याचाही हिशेब होता. ब्रॅक्टन नावाच्या तेराव्या शतकातल्या कायदेपंडिताने तो मांडून ठेवलाय. माणसाची दिवसाची मजल २० मैल धरायची आणि तिचे तीन भाग करायचे: एक जायला, एक बाजार करायला, एक दिवेलागणीच्या आत घरी परतायला. म्हणजे दोन बाजारांत ६⅔ मैल, सुमारे पावणेअकरा किलोमीटर अंतर हवं. त्याहून जवळ कोणी नवा बाजार थाटला तर जुन्याच्या मालकाला दाद मागता येई. आपण पंचक्रोशी म्हणतो तेव्हा जे डोळ्यांसमोर येतं, ते इथे वकिलाने मैलांत बसवलं एवढंच.

आता लडलो. वस्ती दहा हजारांच्या आसपास, वेल्सच्या सीमेजवळ, टीम नदीच्या वळणात उभ्या असलेल्या टेकाडावर. १०८६च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने देशभरच्या जमिनींची करवून घेतलेल्या नोंदीत, या गावाचं नाव नाही, कारण गाव म्हणावं असं तेव्हा फारसं काही नव्हतं. नॉर्मन सरदार द लेसी यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस टेकाडाच्या पश्चिम टोकाला, नदीवर कडा तुटतो तिथे किल्ला बांधायला घेतला. वेल्श टोळ्यांवर नजर ठेवायची तर जागा फर्मास होती. पण किल्ल्यात घोडे, शिपाई, आचारी, लोहार असतात. त्यांना दाणागोटा लागतो, आणि सरदाराला रोख पैसा लागतो. म्हणून किल्ल्याच्या दरवाजासमोर टेकाडाच्या माथ्यावरून एक रुंद पट्टा मोकळा सोडला आणि तो पूर्वेला जुन्या उत्तर-दक्षिण रस्त्याला नेऊन मिळवला. हा पट्टा म्हणजे बाजार. त्याच्या दोन्ही अंगांना आणि खाली नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यांवर जमिनीचे पट्टे पाडून दिले. गाव आपोआप वाढलं नाही, बारावं शतक सरेपर्यंत टप्प्याटप्प्याने आखलं गेलं.

किल्ल्याने गावाला कारण दिलं, पण आकार दिला तो बाजाराने. म्हणून तिकीट काढून आधी किल्ल्यात शिरू नका. कॅसल स्क्वेअरमध्ये किल्ल्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर बघा. चौक मोकळा आहे, पण थोडं पुढे गेलात की एकाएकी चार चिंचोळे रस्ते फुटतात आणि त्यांच्यामध्ये घरांच्या रांगा बेटासारख्या अडकलेल्या दिसतात. हार्प लेन, चर्च स्ट्रीट अशी त्या बोळांची नावं. ही सगळी बेटं म्हणजे बाजाराच्या मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण! आधी टोपली घेऊन बसायचं, मग वर मांडव घालायचा, मग फळ्या ठोकायच्या, मग पक्कं दुकान, मग त्यावर माडी. मालकाला भाडं मिळत होतं, त्यामुळे हटवायला कोणी आलं नाही. मध्ययुगातच ही जागा भरून गेली. आज पर्यटक त्या बोळांचे ‘किती गोड’ म्हणून फोटो काढतात. पालिकेच्या अतिक्रमण विभागातल्या कोणा मित्राला ते दाखवून बघा.

या भरावामुळेच आणखी एक गंमत झालीय. सेंट लॉरेन्सचं चर्च इंग्लंडमधल्या मोठ्या पॅरिश चर्चपैकी एक, मनोरा ४१ मीटर उंच, मैलोन्‌मैल दिसतो. पण बाजारात उभं राहून चर्च शोधलं तर सापडत नाही. दुकानांच्या मागे ते लपलंय आणि आत जायला अरुंद वाट आहे. गावाच्या नावातला ‘लो’ म्हणजे जुनं टेकाड, थडग्यावरचा मातीचा ढीग, आणि तो इथेच होता. ११९९ साली चर्च वाढवताना हा ढीग खणला तेव्हा आत हाडं सापडली. पाद्रींनी ती तीन आयरिश संतांची म्हणून जाहीर करून टाकली. यात्रेकरू येणार असतील तर हाडं सामान्य माणसाची कशाला असतील!

चर्चमध्ये दोन गोष्टी चुकवू नका. एक, गायकवृंदाच्या जागेतली लाकडी मिझेरिकॉर्ड. तासन्‌तास उभ्याने प्रार्थना करणाऱ्यांना हळूच टेकता यावं म्हणून घडीच्या आसनाखाली कोरीव कंगोरा करत, तो हा. इथे अशी २८ आहेत, पंधराव्या शतकातली. त्यांतल्या एकावर मापात पाप करणारी, एल (एक प्रकारची बिअर) विकणारी बाई आहे. सैतानाने तिला उचलून खांद्यावर टाकलंय, दुसरा तिच्या पापांची यादी वाचतोय. बाजारगावाच्या चर्चमध्ये नरकात कोण जाणार, तर खोटं माप देणारी. आठवड्याला बाजार करणाऱ्या माणसाला आणखी प्रवचन काय हवं?

दुसरी, सेंट जॉन चॅपेलमधली रंगीत काचांची खिडकी. ती पामर्स गिल्डची. (हा ‘पामर’ आपला नव्हे, जेरुसलेमची यात्रा करून पाम झाडाचं पान घेऊन परतलेला तो पामर.) तेराव्या शतकात निघालेली ही मंडळी. सभासदाने वर्गणी भरायची, त्याच्या मरणानंतर गिल्डचे पाद्री त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणार, हा मूळ करार. पुढे देशभरातून सभासद झाले, मृत्युपत्रांतून घरं-दुकानं मिळाली आणि गिल्ड गावातली मोठी मालमत्ताधारक झाली. शाळा चालवली, म्हाताऱ्यांना आसरा दिला. धर्मसुधारणेच्या धामधुमीत अशा संस्था बरखास्त झाल्या, तेव्हा लडलोच्या गिल्डची मालमत्ता १५५१ साली गावच्या कॉर्पोरेशनकडे आली. राजाच्या किंवा एखाद्या दरबाऱ्याच्या घशात गेली नाही, हे गावाचं नशीब.

पैसा मुळात कुठून आला? लोकरीतून. लॉरेन्स ऑफ लडलो हा तेराव्या शतकातला लोकरीचा बडा व्यापारी. राजालाही कर्ज देण्याइतका मोठा. त्याने १२८१ साली इथून दहा-बारा किलोमीटरवरचं स्टोकसे विकत घेतलं आणि तिथे तटबंदीचं घर बांधलं. ते आजही जवळपास जसंच्या तसं उभं आहे. गाडी असेल तर परतताना जरूर थांबा. १२९४ साली लोकर घेऊन निघालेलं त्याचं जहाज बुडालं आणि त्यातच तो गेला. त्याच वर्षी राजाने लोकरीवरची जकात वाढवली होती आणि त्यात लॉरेन्सचा हात होता, त्यामुळे त्याच्यासाठी सगळेच रडले असतील असं नाही. पुढे कच्च्या लोकरीबरोबर विणलेलं कापडही आलं. टीम नदीवर बंधारे घालून गिरण्या बसवल्या. त्यांतल्या काहींत धान्य दळत, काहींत कापड पाण्यात चोपून घट्ट करत. ते बंधारे आजही आहेत. डिनहॅम पुलाजवळ बसून पाण्याचा आवाज ऐकलात की गावाच्या नावाच्या पहिल्या अर्ध्याचा उगम ‘खळाळतं पाणी’ या शब्दात का शोधतात ते कळेल.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. बटरक्रॉसपाशी या. १७४०च्या दशकातली ही दगडी इमारत, खाली कमानींत लोणी विकायची सावली, वर घड्याळाचा मनोरा. तिथून दक्षिणेला ब्रॉड स्ट्रीट खाली उतरतो. इंग्लंडमधला सर्वांत देखणा रस्ता अशी त्याची ख्याती आहे. त्या वादात मी पडत नाही, पण इथे मोजपट्टी घेऊन आलात तर मजा येईल. घरांच्या दर्शनी रुंद्या साडेसोळा फुटांच्या ‘पर्च’ या जुन्या मापाच्या पटीत किंवा तुकड्यांत बसत जातात. हे बर्गेजचे पट्टे: रस्त्याकडे तोंड अरुंद, मागे परस लांबच लांब. घेणाऱ्याने वर्षाला ठरावीक रोख भाडं द्यायचं, अशा कित्येक गावांत ते एक शिलिंग असे. बदल्यात सरदाराच्या शेतात वेठ नाही, पट्टा विकता येतो, मुलाला देता येतो. रस्त्याला लागून असलेला प्रत्येक फूट सोन्याचा, म्हणून दुकान पुढे. तबेला, भट्टी, विहीर, भाजीपाला मागे. नंतर कोणी पट्टा भावांत अर्धा केला, कोणी शेजारचा घेऊन दीड केला. आगी लागल्या, घरं पाडली, नवी बांधली, पण बांधाची रेघ हलली नाही. १९०९ साली सेंट जॉन होप या अभ्यासकाने हा आराखडा ओळखला, आणि पुढे कॉन्झेन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने तो पट्ट्यापट्ट्याने उलगडला. इथलं सर्वांत जुनं बांधकाम दाखवा म्हणून लोक मला विचारतात. मी त्यांना दोन घरांमधली सामाईक भिंत दाखवते. तिची वीट काल-परवाची असेल, जागा बाराव्या शतकातली.

ब्रॉड स्ट्रीटवरच्या लाल विटांच्या, मोठ्या खिडक्यांच्या जॉर्जियन घरांवर मात्र फार विश्वास ठेवू नका. त्यांतल्या कितीतरी घरांची फक्त छाती अठराव्या शतकातली आहे. मागे ओक लाकडाचा सांगाडा आणि कुडाच्या भिंती, त्याही दोन-तीनशे वर्षं आधीच्या. विटेची फॅशन आली तेव्हा मालकांनी पुढची भिंत तेवढी नवी केली. ओळखायचं कसं? छपराचा उतार बघा. रस्त्यावरून घर नवं दिसतं आणि छप्पर मात्र तीव्र, जुनं असतं. आत शिरायला मिळालं तर जमिनी वरखाली असतात आणि खिडकीची चौकट तुळईशी जमत नाही. विटांनी बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की गाईड ‘खिडकी-कर’ सांगतात. तो कर होता, १६९६ ते १८५१, पण सगळ्या बंद खिडक्या त्याच्यापायी नाहीत. बऱ्याच जणी पहिल्यापासून आंधळ्या, केवळ दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून काढलेल्या.

तसंच काळ्या-पांढऱ्या घरांचं. बुलरिंगजवळचं फेदर्स हॉटेल हे त्यातलं मिरवणारं उदाहरण. १६१९ साली रीस जोन्स नावाच्या वकिलाने त्याचा दर्शनी भाग उभारला, आणि लाकडाच्या चौकटींत शंकरपाळ्यांसारखी नक्षी भरली. घराच्या ताकदीला त्या लाकडाची गरज नाही. एवढं ओक मला परवडतं, हे रस्त्याला सांगायची ती रीत. पण लाकडाला डांबरी काळा रंग ही मोठ्या प्रमाणात एकोणिसाव्या शतकातली हौस. त्याआधी ओक उन्हापावसात राखाडी होऊ देत, नाहीतर सगळ्यावरूनच चुन्याचा हात फिरवत.

चुन्यावरून आठवलं. सुरुवातीच्या वर्षांत याच परिसरातल्या एका छोट्या घराच्या कामावर मला बोलावलं. कोण्या ठेकेदाराने काही वर्षांपूर्वी कुडाच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला होता, अगदी गुळगुळीत, एक चीर नाही. मालकीणबाई खूश होत्या, फक्त आतल्या खोलीला कुबट वास येत होता. गिलावा ठोकून पाहिला तर पोकळ आवाज. काढला, आणि मागचा ओकचा उंबरा हाताने कुस्करला गेला, ओल्या केकसारखा. चुना श्वास घेतो, आत गेलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. तीनशेहून जास्त वर्षं टिकलेलं लाकूड दहा-बारा वर्षांत गेलं होतं. पुण्यात शिकताना वाड्यांच्या दुरुस्तीत हेच ऐकलं होतं, पण हातात भुगा आला तेव्हा पटलं. तुम्ही कोकणातल्या घराचं काम काढताय असं लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

ब्रॉड स्ट्रीट उतरून तळाशी आलात की वेस लागते. १२३३ साली तटबंदीसाठी कर वसूल करायची परवानगी मिळाली, मग गावाला कोट आणि सात वेशी झाल्या. त्यांतली ही ब्रॉड गेट तेवढी उभी आहे. तिच्या डोक्यावर कोणीतरी नंतर चक्क घर बांधलंय, खालून गाड्या जातात. वेशीपलीकडे लडफर्ड पूल. यॉर्क आणि लँकेस्टर ही घराणी गादीसाठी लढत होती, तेव्हा १४५९च्या ऑक्टोबरात इथे यॉर्कवाल्यांची फौज रात्रीतून पांगली आणि लँकेस्टरच्या विजयी सैन्याने गाव धुऊन काढलं. दोन वर्षांनी यॉर्कचा एडवर्ड राजा झाल्यावर त्याने गावाला सनद दिली, बारा आणि पंचवीस जणांची पंचायत बसवली. पुलापलीकडच्या कोपऱ्यावरचा खडक भूगर्भवाल्यांचं तीर्थक्षेत्र आहे: सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका कालखंडाला जगभर ‘लडलो’ म्हणतात, तो याच गावावरून.

राजघराण्याची गोष्ट मी पटकन उरकते, ती कुठेही वाचायला मिळेल. १४७३पासून वेल्सच्या सीमाभागाचा कारभार पाहणारी कौन्सिल इथे बसू लागली. पुढे लंडनच्या टॉवर किल्ल्यात नाहीसा झालेला पाचवा एडवर्ड इथे वाढला. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर १५०२ साली पंधराव्या वर्षी याच किल्ल्यात वारला. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच: कौन्सिल म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे वकील, कारकून, पक्षकार, आणि त्या सगळ्यांना खोली, जेवण, घोड्याला चारा. फेदर्सचा तो वकील उगाच नव्हता. १६८९ साली कौन्सिल बंद झाली आणि गावाचा पोशिंदा गेला. किल्ल्याच्या छपरांचं शिसंही हळूहळू नाहीसं झालं. मग आसपासचे जमीनदार हिवाळ्यात नाचगाण्याला येऊ लागले, त्यांच्यासाठी ते विटांचे दर्शनी भाग. पुढे काही काळ हातमोजे शिवण्याचा धंदा चालला, तोही बसला. १८५२ साली रेल्वे आली, पण कारखाने आले नाहीत. गाव जुनं राहिलं त्यात जपणुकीइतकाच गरिबीचाही वाटा आहे. नवं बांधायला पैसाच नव्हता. आज इथे पाचशेच्या आसपास संरक्षित इमारती आहेत.

किल्ल्याच्या मालकीत मराठी माणसाने थांबावं अशी एक जागा आहे. १८११ साली तो राजाकडून विकत घेतला एडवर्ड क्लाइव्हने, म्हणजे प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने. हा वीस वर्षं लडलोचा खासदार होता आणि १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर. बाजीरावाने वसईचा तह केला, आणि १८०३च्या एप्रिलात आर्थर वेलस्ली त्याला परत गादीवर बसवायला पुण्यात येऊन धडकला, तेव्हा त्याच्या हाताखालची फौज याच मद्रास इलाख्याची होती. किल्ल्यातली गोल चॅपेल बघताना हे डोक्यात असू द्या. चॅपेल बाराव्या शतकातली आहे आणि अप्रतिम आहे.

राहिला बाजार. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चौकात विटांचा टाउन हॉल उभा राहिला, त्यात बाजार कोंडला. बऱ्याच जणांना ती इमारत कुरूप वाटे, काहींना लाडकी. १९८६ साली ती पाडली. माझ्या धंद्यातली माणसं पाडापाडीच्या विरोधात असतात, मीही बहुतेकदा असते, पण इथे बाजार परत उघड्यावर आला आणि किल्ल्यासमोरची मूळ जागा मोकळी झाली, हे मान्य करायला हवं. नव्वदीत गावाने खाण्यापिण्यावर नाव कमावलं. १९९५पासून सप्टेंबरात फूड फेस्टिव्हल भरतो, आणि एकेकाळी एवढ्याशा गावात मिशलिन तारा असलेली तीन हॉटेलं होती. त्याचा तोटाही झाला. घरांच्या किमती वाढल्या आणि इथे जन्मलेल्या मुलांना बर्गेजच्या पट्ट्यावर भाड्यानेसुद्धा राहता येईना. टेस्को हे मोठं सुपरमार्केट आलं तेव्हा बराच वाद झाला. शेवटी दुकान कॉर्व्ह स्ट्रीटच्या तळाशी आलं आणि छप्पर मागच्या टेकड्यांसारखं वळणदार केलं गेलं. बाजार मेला नाही.

बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी आसपासच्या शेतकऱ्यांचा माल येतो, मला विचाराल तर तोच दिवस गाठा. बर्मिंगहॅमहून श्रूझबरीला गाडी बदलून या, तिथून अर्धा तास. स्टेशन खाली आहे, गाव वर. गुडघे दुखत असतील तर चढ हळू चढा. सकाळी दहाला चौक, मग बोळ, चर्च, ब्रॉड स्ट्रीट, वेस, पूल, आणि पलीकडून व्हिटक्लिफच्या माळावर चढून जा. तिथून सगळा आराखडा एका नजरेत येतो: कडेला किल्ला, मध्ये मनोरा, खाली उतरणाऱ्या रस्त्यांच्या रेघा. डिनहॅम पुलावरून परत वर आलात की किल्ल्यासाठी दीड तास उरतो. चीज आणि भाजी आधीच घेऊन ठेवा. दुपार कलली की विक्रेते फळ्या आवरायला लागतात, आणि किल्ला बघून बाहेर येईपर्यंत चौकात नुसता वारा असतो.